भारतातील वैमानिक संघटना आणि वेतनविवाद

भारतातील वैमानिक संघटना आणि वेतनविवाद या विषयात विमान कंपन्यांतील वैमानिकांच्या कामगार संघटना, त्यांच्या वेतन, बढती व विश्रांतीविषयक मागण्या आणि त्यांवरून व्यवस्थापनाशी झालेले संघर्ष यांचा समावेश होतो. एअर इंडिया, जेट एअरवेज आणि किंगफिशर एअरलाइन्स यांची मुख्यालये दीर्घकाळ मुंबईत होती. त्यामुळे यांतील अनेक संघर्षांचे केंद्र मुंबई राहिले. हे विवाद बाहेरून पगारवाढीचे वाटतात. प्रत्यक्षात त्यांतील बहुतेकांच्या मुळाशी दोन वैमानिक गटांमधील समानता, ज्येष्ठतेचा क्रम, थकीत वेतन किंवा संघटनेची मान्यता यांपैकी एखादा प्रश्न असल्याचे दिसते.

पार्श्वभूमी

भारतातील नियोजित हवाई वाहतुकीचा आरंभ टाटा एअरलाइन्सच्या सेवेने झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन मुंबईतील जुहू येथे विमान उतरवले. १९५३ च्या हवाई महामंडळ कायद्याने हवाई वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले आणि दोन महामंडळे अस्तित्वात आली. आंतरराष्ट्रीय मार्ग एअर इंडियाकडे, तर देशांतर्गत व शेजारी देशांचे मार्ग इंडियन एअरलाइन्सकडे गेले.

या विभागणीप्रमाणे वैमानिकांच्याही दोन संघटना झाल्या. एअर इंडियाचे वैमानिक 'इंडियन पायलट्स गिल्ड' या संघटनेत होते, तर इंडियन एअरलाइन्सचे वैमानिक 'इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन' या संघटनेत होते. दोन्ही कंपन्या सरकारी असल्या तरी त्यांची विमाने, मार्ग, भत्ते आणि बढतीचे नियम वेगळे होते. पुढे २००७ मध्ये कंपन्या एकत्र आल्या, तेव्हा हाच फरक संघर्षाचे कारण ठरला.

१९९० च्या दशकात खासगी कंपन्यांना प्रवेश मिळाला. जेट एअरवेजची सेवा मे १९९३ मध्ये सुरू झाली आणि १९९४ मध्ये हवाई महामंडळ कायदा रद्द झाला. खासगी कंपन्यांत वैमानिकांच्या मान्यताप्राप्त संघटना फारशा रुजल्या नाहीत. वैयक्तिक करार हाच तेथे सेवाशर्तींचा मुख्य आधार राहिला.

वेतनाची रचना

वैमानिकाचे वेतन सर्वसाधारणपणे दोन भागांचे असते. पहिला भाग निश्चित वेतनाचा आणि दुसरा उड्डाणाच्या तासांवर अवलंबून असलेल्या भत्त्याचा. अनेक कंपन्यांत या दुसऱ्या भागाला किमान हमी असते. वैमानिकाने महिन्यात कमी तास उड्डाण केले, तरी ठरावीक तासांचा भत्ता त्याला मिळतो. या तासांची संख्या घटली की मूळ वेतनाला हात न लावताही एकूण उत्पन्न कमी होते. त्यामुळे 'हमीचे तास किती' हा वाटाघाटींतील कळीचा मुद्दा असतो.

उत्पन्नावर परिणाम करणारा दुसरा घटक म्हणजे पद आणि विमानाचा प्रकार. सहवैमानिकापेक्षा कमांडरचे वेतन बरेच अधिक असते. लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानांवरील वैमानिकांना सामान्यतः अधिक भत्ते मिळतात. वैमानिकाचा परवाना असला तरी प्रत्येक प्रकारच्या विमानासाठी स्वतंत्र प्रशिक्षण व मानांकन घ्यावे लागते. नव्या विमानाच्या प्रशिक्षणाला प्रथम कोणाला पाठवायचे, हा निर्णय म्हणूनच पुढील अनेक वर्षांच्या उत्पन्नाचाही निर्णय असतो.

कायदेशीर चौकट

१९२६ च्या कामगार संघटना कायद्यानुसार वैमानिकांना संघटना नोंदवता येत असे. नोंदणी आणि मान्यता या मात्र दोन वेगळ्या बाबी आहेत. नोंदणीमुळे संघटनेला कायदेशीर अस्तित्व मिळते. व्यवस्थापनाने तिच्याशी वाटाघाटी करण्यासाठी मान्यता आवश्यक ठरते. महाराष्ट्रात १९७१ च्या राज्य कायद्याने संघटनांच्या मान्यतेची पद्धत घालून दिली होती. हवाई वाहतुकीच्या औद्योगिक विवादांसाठी केंद्र सरकार हे समुचित शासन असल्याने त्या कायद्याचा लाभ मुंबईतील वैमानिकांना मिळू शकत नव्हता. त्यांच्या विवादांत समेटाचे काम केंद्रीय कामगार आयुक्तांच्या यंत्रणेकडे असे.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने हवाई वाहतुकीला लोकोपयोगी सेवा मानले होते. अशा सेवेत पूर्वसूचनेशिवाय, सूचना दिल्यापासून १४ दिवसांच्या आत, किंवा समेटाची कार्यवाही चालू असताना संप करणे बेकायदा होते. या तरतुदीमुळे वैमानिकांचे अनेक लढे 'संप' या नावाने न होता सामूहिक आजारपणाच्या रजेच्या रूपात झाले. न्यायालयांनी अशा रजेकडे बहुधा संप म्हणूनच पाहिले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत ५० टक्के किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी घेतलेल्या नैमित्तिक रजेचा समावेश संपाच्या व्याख्येतच करण्यात आला आहे.

वैमानिक हा कायद्याच्या दृष्टीने 'कामगार' आहे का, हा प्रश्नही अनेकदा उपस्थित झाला. पर्यवेक्षकीय काम करणारे आणि ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक वेतन घेणारे कर्मचारी कामगाराच्या व्याख्येबाहेर राहतात. कमांडर हा विमानातील कर्मचाऱ्यांचा प्रमुख असल्याने तो पर्यवेक्षक ठरतो, असा युक्तिवाद कंपन्यांकडून केला जातो. वैमानिकाचे मुख्य काम विमान चालवण्याचे, म्हणजेच तांत्रिक कौशल्याचे आहे, असा प्रतिवाद केला जातो. २०२४ मध्ये किंग एअरवेज या कंपनीच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने वैमानिकांना कामगार मानले.

या वर्गीकरणाचे परिणाम व्यावहारिक आहेत. दिवाळखोरी संहितेच्या कलम ५३ नुसार कंपनी अवसायनात गेल्यास 'कामगारां'ची आधीच्या २४ महिन्यांची देणी तारणधारक धनकोंच्या बरोबरीने विचारात घेतली जातात. इतर कर्मचाऱ्यांची मात्र १२ महिन्यांचीच देणी, तीही त्यानंतरच्या क्रमाने येतात.

प्रमुख विवाद

इंडियन एअरलाइन्स, १९९२–९३

डिसेंबर १९९२ मध्ये इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी काम बंद केले. सेवा चालू ठेवण्यासाठी कंपनीने परदेशी विमाने त्यांच्या कर्मचाऱ्यांसह भाड्याने घेतली. त्यांपैकी उझबेकिस्तान एअरवेजचे तुपोलेव्ह टीयू-१५४ विमान ९ जानेवारी १९९३ रोजी दिल्लीत उतरताना अपघातग्रस्त झाले. विमानातील सर्वजण बचावले. तत्कालीन नागरी विमान वाहतूक मंत्री माधवराव शिंदे यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. वैमानिकांना पर्याय उभा करण्याचा मार्ग किती जोखमीचा आहे, हे या घटनेने दाखवून दिले.

जेट एअरवेज, २००९

जागतिक मंदीच्या काळात, ऑक्टोबर २००८ मध्ये, जेट एअरवेजने सुमारे १,९०० कर्मचाऱ्यांना कमी करण्याचा निर्णय घेतला आणि तीव्र विरोधानंतर तो लगेच मागे घेतला. त्यानंतर २००९ मध्ये कंपनीच्या वैमानिकांनी 'नॅशनल एव्हिएटर्स गिल्ड' ही संघटना स्थापन केली. संघटनेशी संबंधित दोन वैमानिकांना कंपनीने सेवेतून काढले. त्यांना परत घ्यावे, या मागणीसाठी संघटनेने संपाची सूचना दिली. मुंबई उच्च न्यायालयाने संपास मनाई केली. ८ सप्टेंबर २००९ पासून शेकडो वैमानिक एकाच वेळी आजारपणाच्या रजेवर गेले.

पुढील पाच दिवसांत कंपनीची शेकडो उड्डाणे रद्द झाली. या काळात आणखी वैमानिकांवर बडतर्फीची कारवाई झाली आणि न्यायालयाच्या अवमानाची कार्यवाहीही सुरू झाली. १३ सप्टेंबरच्या पहाटे तडजोड झाली. काढलेल्या वैमानिकांना परत घेण्याचे आणि वैमानिक व व्यवस्थापन यांचा संयुक्त सल्लागार गट नेमण्याचे ठरले. या लढ्यातील मुख्य मागणी पगारवाढीची नव्हती. संघटना स्थापन करण्याचा हक्क व्यवस्थापन मान्य करते की नाही, हा वादाचा विषय होता.

एअर इंडिया, २००९–२०१२

२००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांचे विलीनीकरण झाले. कंपनी एक झाली, परंतु वेतनश्रेणी, ज्येष्ठतेच्या याद्या आणि संघटना वेगळ्याच राहिल्या. सप्टेंबर २००९ मध्ये उत्पादकतेशी निगडित भत्त्यांतील कपातीविरुद्ध कार्यकारी श्रेणीतील वैमानिकांनी काही दिवस काम थांबवले. हे वैमानिक व्यवस्थापनाचाच भाग मानले जात असल्याने या घटनेची विशेष चर्चा झाली.

२०११ मध्ये पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी एअर इंडियाच्या वैमानिकांशी वेतनसमानतेची मागणी करत २७ एप्रिलपासून संप केला. कंपनीतील गैरकारभाराची केंद्रीय अन्वेषण विभागामार्फत चौकशी व्हावी, अशीही त्यांची मागणी होती. व्यवस्थापनाने संघटनेची मान्यता काढली आणि पदाधिकाऱ्यांना बडतर्फ केले. दिल्ली उच्च न्यायालयाने संपास मनाई करून अवमानाची कार्यवाही सुरू केली. १० दिवसांनी, ६ मे रोजी संप मागे घेतला गेला. विलीनीकरणातून उद्भवलेल्या सेवाविषयक प्रश्नांसाठी निवृत्त न्यायमूर्ती डी. एम. धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली आणि तिने जानेवारी २०१२ मध्ये अहवाल दिला.

त्यानंतर वाद उलट बाजूने उफाळला. नव्या बोइंग ७८७ ड्रीमलायनर विमानांच्या प्रशिक्षणासाठी दोन्ही गटांतील वैमानिकांना पाठवण्याचे व्यवस्थापनाने ठरवले. ही विमाने विलीनीकरणापूर्वी एअर इंडियाने मागवली होती, म्हणून त्यांवर आपलाच हक्क आहे, असे इंडियन पायलट्स गिल्डचे म्हणणे होते. आपल्या सहवैमानिकांना कमांडर होण्यास आधीच अधिक वर्षे लागतात आणि ज्येष्ठता विभागली गेल्यास हा काळ आणखी वाढेल, असा तिचा युक्तिवाद होता. मे २०१२ च्या दुसऱ्या आठवड्यात तिचे सदस्य आजारपणाच्या रजेवर गेले. संघटनेची मान्यता काढण्यात आली, १०१ वैमानिक बडतर्फ झाले आणि आंतरराष्ट्रीय वेळापत्रक आखडते घ्यावे लागले. कामावर परतण्याची हमी दिल्ली उच्च न्यायालयात दिल्यानंतर जुलैच्या प्रारंभी, ५८ दिवसांनी, संप संपला.

हा संप कंपनीच्या अत्यंत नाजूक काळात झाला. एप्रिल २०१२ मध्येच केंद्र सरकारने एअर इंडियासाठी अनेक वर्षांत मिळून ३०,२३१ कोटी रुपयांचे भांडवल देण्याची योजना मंजूर केली होती. करदात्यांच्या पैशावर चालणाऱ्या कंपनीत संप कितपत योग्य, अशी टीका त्या वेळी झाली. विलीनीकरणाची किंमत कर्मचाऱ्यांनी का मोजावी, असा प्रतिप्रश्न वैमानिकांकडून केला गेला.

किंगफिशर आणि जेट : थकीत वेतन

किंगफिशर एअरलाइन्समध्ये अनेक महिन्यांचे वेतन थकल्याने २०१२ मध्ये वैमानिक व अभियंत्यांनी काम थांबवले. १ ऑक्टोबरपासून कंपनीने टाळेबंदी लागू केली आणि २० ऑक्टोबर रोजी तिचा उड्डाण परवाना निलंबित झाला.

जेट एअरवेजमध्ये २०१९ च्या आरंभी अशीच स्थिती निर्माण झाली. जानेवारीपासून वैमानिक, अभियंते आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांचे वेतन थकले होते. नॅशनल एव्हिएटर्स गिल्डने वेतन न मिळाल्यास १ एप्रिलपासून उड्डाण न करण्याचा इशारा दिला, मात्र कंपनीला संधी मिळावी म्हणून तो दोनदा पुढे ढकलला. संस्थापक नरेश गोयल २५ मार्च रोजी संचालक मंडळावरून दूर झाले होते. संघटनेने स्टेट बँकेला तातडीचा निधी देण्याचे आवाहन केले. तो मिळाला नाही आणि १७ एप्रिल २०१९ रोजी रात्री निघालेल्या अमृतसर–मुंबई उड्डाणानंतर सेवा थांबली. जूनमध्ये प्रकरण राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे गेले. पुनरुज्जीवनाची योजना मंजूर होऊनही प्रत्यक्षात आली नाही आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या अवसायनाचा आदेश दिला.

टाटा समूहाकडे हस्तांतरणानंतर

२७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया टाटा समूहाकडे गेली. एप्रिल २०२३ मध्ये जाहीर झालेल्या नव्या वेतनरचनेत उड्डाणाच्या हमीचे तास ७० वरून ४० करण्यात आले. अनुभवी कमांडरना व्यवस्थापकीय श्रेणीत घेण्याच्या तरतुदीलाही विरोध झाला, कारण तसे झाल्यास ते संघटनेच्या कक्षेबाहेर जातील, अशी भीती होती. एकेकाळी परस्परविरोधी असलेल्या दोन्ही संघटनांनी या वेळी एकत्र भूमिका घेतली. १,५०० हून अधिक वैमानिकांनी रतन टाटा यांना हस्तक्षेपाची विनंती करणारे निवेदन पाठवले. नव्या व्यवस्थापनाने मात्र या संघटनांना मान्यता असल्याचे स्वीकारले नाही.

एप्रिल २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन होऊ घातलेल्या विस्तारा कंपनीतही हमीच्या तासांवरूनच असंतोष निर्माण झाला. वैमानिकांच्या अनुपलब्धतेमुळे तिची अनेक उड्डाणे रद्द झाली.

दोन्ही बाजूंच्या भूमिका

वैमानिक संघटनांच्या भूमिकेत चार सूत्रे सातत्याने आढळतात. परवाना मिळवण्यासाठीचा मोठा खर्च वैमानिक बहुधा स्वतः करतो, म्हणून कारकिर्दीच्या स्थैर्याची हमी हवी. वैद्यकीय चाचणीत अपात्र ठरल्यास उपजीविकाच थांबते, म्हणून वेतनात या जोखमीचा विचार व्हावा. बढती ज्येष्ठतेनुसारच मिळावी, कारण व्यवस्थापनाच्या मर्जीवर बढती अवलंबून असल्यास सुरक्षिततेविषयी स्पष्ट बोलणे अवघड होते. सेवाशर्ती एकतर्फी बदलू नयेत, हे चौथे सूत्र.

व्यवस्थापनाच्या मते विमान व्यवसायात नफ्याचे प्रमाण अल्प असते आणि इंधनाचे दर व रुपयाचे मूल्य कंपनीच्या हाती नसते. वेतन हा नियंत्रणात ठेवता येणाऱ्या थोड्या खर्चांपैकी एक असल्याने त्यात लवचिकता हवी, असे कंपन्या मांडतात. वैमानिकांचे वेतन इतर कर्मचाऱ्यांच्या तुलनेत बरेच अधिक असताना त्यांनी संपूर्ण सेवा वेठीस धरू नये, असाही त्यांचा आक्षेप असतो. जनमत बहुधा या आक्षेपाकडे झुकते. खोळंबलेल्या प्रवाशाला वादाचे कारण दिसत नाही, फक्त रद्द झालेले उड्डाण दिसते.

सौदाशक्ती आणि तिच्या मर्यादा

मुंबईच्या कामगार इतिहासातील सर्वांत मोठ्या लढ्याशी तुलना केल्यास वैमानिकांच्या सौदाशक्तीचे स्वरूप स्पष्ट होते. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले होते. परंतु कापड विणण्याचे काम भिवंडीसारख्या केंद्रांतील यंत्रमागांकडे वळवणे शक्य होते. गिरण्या बंद असतानाही बाजारात कापड येत राहिले आणि संपाची धार बोथट झाली.

वैमानिकांचे काम असे वळवता येत नाही. विशिष्ट विमानासाठी मानांकन असलेला वैमानिकच ते चालवू शकतो आणि नवा वैमानिक तयार होण्यास वर्षे लागतात. न विकलेले कापड उद्या विकता येते, रिकामे गेलेले आसन मात्र पुन्हा विकता येत नाही. त्यामुळे काही शे वैमानिक एका दिवसात कंपनीचे वेळापत्रक कोलमडून टाकू शकतात.

ही शक्ती अल्पकाळच टिकते. न्यायालयीन मनाई, मान्यता रद्द होणे आणि बडतर्फी ही व्यवस्थापनाची प्रभावी साधने ठरली आहेत. नोकरी सोडून दुसरीकडे जाणेही सोपे नसते. नव्या कंपनीत ज्येष्ठतेचा क्रम पुन्हा तळापासून सुरू होऊ शकतो. शिवाय नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या २०१७ च्या नियमानुसार कमांडरला एक वर्षाची आणि सहवैमानिकाला सहा महिन्यांची पूर्वसूचना द्यावी लागते. उड्डाणे अचानक रद्द होऊन प्रवाशांची गैरसोय होऊ नये, हा या नियमामागील हेतू सांगितला जातो. संघटनांच्या मते मात्र त्यामुळे वैमानिकाचे वाटाघाटीचे बळ घटते. आणि कंपनीच बुडाली, तर संपाला अर्थ उरत नाही. २०१९ मध्ये जेटच्या वैमानिकांनी संपाचा इशारा दोनदा पुढे ढकलला, यामागे हेच कारण होते.

विश्रांतीचे नियम आणि सुरक्षितता

अलीकडील काळात वेतनाइतकाच वादाचा विषय विश्रांतीचा आहे. वैमानिकाला वर्षात जास्तीत जास्त १,००० तास उड्डाण करता येते. जानेवारी २०२४ मध्ये महासंचालनालयाने नवे नियम जाहीर केले. त्यांत साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तास करण्यात आली आणि रात्रीच्या वेळी विमान उतरवण्याच्या संख्येवर कडक मर्यादा आली. अधिक वैमानिक नेमावे लागतील, या कारणास्तव कंपन्यांनी मुदत मागितली. दिल्ली उच्च न्यायालयातील याचिकांनंतर हे नियम २०२५ मध्ये १ जुलै आणि १ नोव्हेंबर अशा दोन टप्प्यांत लागू झाले.

दुसऱ्या टप्प्यानंतर, डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात, देशातील सर्वांत मोठी कंपनी असलेल्या इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. महासंचालनालयाने कंपनीला काही नियमांतून तात्पुरती सूट दिली. नियमांची पूर्वकल्पना असूनही कंपनीने पुरेसे मनुष्यबळ उभारले नाही, अशी टीका वैमानिक संघटनांनी केली आणि या सवलतीला विरोध केला. या प्रसंगी कोणताही संप झाला नव्हता, तरीही प्रवाशांचे हाल संपाच्या काळाइतकेच किंवा त्याहून अधिक झाले. वैमानिकाच्या वेळेचे मूल्य आणि प्रवाशांची सुरक्षितता हे प्रश्न परस्परांशी निगडित असल्याचे त्यातून दिसून आले.

इतर देशांतील स्थिती

अमेरिकेत १९३१ मध्ये स्थापन झालेली 'एअर लाइन पायलट्स असोसिएशन' ही प्रमुख संघटना असून १९३६ पासून विमान कंपन्या रेल्वे कामगार कायद्याच्या कक्षेत आहेत. त्या कायद्यानुसार मध्यस्थी अयशस्वी झाल्यावरही ३० दिवसांचा थंडावा पाळावा लागतो. त्यामुळे तेथे संप विरळ आणि दीर्घ वाटाघाटी नेहमीच्या आहेत. ऑस्ट्रेलियात १९८९ मध्ये २९.५ टक्के वेतनवाढीसाठी झालेल्या लढ्यात वैमानिकांनी सामूहिक राजीनामे दिले. बॉब हॉक यांच्या सरकारने हवाई दलाची विमाने वापरून वाहतूक चालू ठेवली आणि अनेक वैमानिकांना जुन्या नोकऱ्या परत मिळाल्या नाहीत.

या देशांच्या तुलनेत भारतात कंपनी आणि मान्यताप्राप्त संघटना यांच्यात ठरावीक मुदतीचा सामूहिक वेतनकरार होण्याची परंपरा, विशेषतः खासगी क्षेत्रात, क्षीण आहे. परिणामी वेतनविषयक मतभेद वाटाघाटींच्या टेबलापेक्षा न्यायालयात, कामगार आयुक्तांसमोर किंवा आजारपणाच्या रजेच्या अर्जांतून व्यक्त होत आले आहेत.